‘तळ गाठू द्या’ या संदेशाबद्दल खुलासा

‘व्यसनी माणसाशी घरच्यांनी संबंध तोडावेत, तळाला गेल्याशिवाय तो उपचार घेत नाही, कुटुंबोपचाराच्या पदव्युत्तर वर्गातही हेच शिकवतात,’ असा संदेश फिरतोय. हा विषय मी शिकवते. आम्ही हे शिकवत नाही.

शिकवतो ते जवळजवळ उलट. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मायर्स यांनी विकसित केलेल्या ‘क्राफ्ट’ या कुटुंब-प्रशिक्षण पद्धतीत प्रशिक्षण घरच्यांना मिळतं: दारूचं व्यसन असलेला माणूस प्यायलेला नसताना त्याच्याशी जवळीक, प्यायलेला असताना वाद न घालता बाजूला होणं, पिण्याचे परिणाम त्याच्या वतीने न निस्तरणं आणि उपचारांचा विषय योग्य वेळी काढणं. मिलर, मायर्स आणि टोनिगन यांनी १९९९ साली तीन पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. उपचार नाकारणाऱ्या मद्यपींपैकी ‘क्राफ्ट’मुळे ६४ टक्के उपचारांना आले, कुटुंबाने एकत्र समोर बसवून बोलण्याच्या पद्धतीने ३० टक्के, ‘अल-अनॉन’ या मद्यपींच्या नातेवाइकांच्या आधारगटांच्या धर्तीवरच्या पद्धतीने १३ टक्के. (अल-अनॉनचा मूळ हेतू नातेवाइकांना आधार देणं हा आहे, तेव्हा हा आकडा त्यांच्या विरोधात वापरू नये.)

घरात मारहाण होत असेल तर वेगळं राहणं योग्यच, पण ते स्वतःच्या सुरक्षिततेसाठी.

तळाची वाट पाहताना काहींचा जीव जातो. तो संदेश कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.