लेकराला शिकारीला नेताना

मूल सात वर्षांचे झाले, पोहायला जाते, अबॅकस शिकते, बुद्धिबळात शेजारच्या मुलाला हरवते आणि तरीही तुम्हाला ते जरा मऊच वाटते, तर समजा की त्याला शिकारीला न्यायची वेळ झाली. उशीर करू नका. आठव्या वर्षी मूल प्रश्न विचारू लागते आणि नवव्या वर्षी त्याची उत्तरे ते परस्पर आईकडून मिळवते. सातव्या वर्षी बापाचा शब्द अजून चालतो. ही मुदत एकदा गेली की गेली.

शिकार म्हटल्यावर दचकायचे कारण नाही. आपण कोकणातले. प्रत्येक कोकणी घरात एका पणजोबांनी वाघ मारलेला असतो, एकट्याने आणि शक्यतो कोयत्याने. ही गोष्ट मुलाला गाडीतच सांगून टाकावी, म्हणजे पनवेल ते रोहा बरे जाते. गावी पोचल्यावर मात्र थोरल्या काकांसमोर तिचा उच्चार नको. आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात हे तर झालेच, पण आमच्या पणजोबांचा वाघ काकांच्या म्हणण्याप्रमाणे रानमांजर होता आणि तोही विहिरीत आपला आपण पडला होता.

माळ्यावर बंदूक असेल. ठासणीची, शेती संरक्षणाच्या परवान्याची. मुलाला ती लांबून दाखवावी. आमच्या घरातली बंदूक माझ्या आठवणीत एकदाही रानात गेलेली नाही, पण आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची असते. लोकसभा झाली, विधानसभा झाली, जिल्हा परिषद झाली, दर वेळी गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने तालुक्याला जायची आणि निकाल लागला की परत यायची. लोकशाही एवढ्या जवळून पाहिलेले आमच्या घरात दुसरे कोणी नाही.

बंदुकीच्या वाटेला जायचे नाही, त्याचे खरे कारण मात्र वेगळे. 1972 सालचा वन्यजीव संरक्षण कायदा. भेकर, ससा, साळिंदर, रानडुक्कर, सगळे त्यात आले. डुकरांनी एका रात्रीत भुईमूग उकरला तरी आधी वनखात्याकडे अर्ज, मग पंचनामा, मग परवानगी. तोवर डुकरे शेजारच्या वाडीत. हे सगळे टाळून रात्री डोक्याला बॅटरी बांधून जाणारे लोक गावात भेटतील. क्लचच्या वायरची फासकी कशी लावतात, तेही कौतुकाने सांगतील. डुकरासाठी लावलेल्या फासकीत पुष्कळदा बिबट्या येऊन अडकतो, मग वनखात्याची गाडी, पिंजरा, भुलीचे इंजेक्शन आणि भोवती मोबाइल उंच धरलेला अख्खा गाव. झुडूप हलले म्हणून बार काढला आणि झुडपातून आपलाच सोबती निघाला, ही बातमीही आपल्याकडच्या पेपरांत अधूनमधून येतेच. बापलेकाचे नाते घट्ट करायला याहून कमी आवाजाचे उपाय आहेत.

तेव्हा कुर्ल्या. मुंबईच्या बाजूला चिंबोऱ्या म्हणा, देशावर खेकडे म्हणा. व्हाळात म्हणजे ओढ्यात, शेताच्या बांधावर, पहिल्या पावसात बिळातून बाहेर पडणारी जनता. हिला दात नाहीत, शिंगे नाहीत, वेगही बेताचा आणि तोसुद्धा आडवा. सातफुटी वाघ मारणाऱ्याच्या पणतूला एवढे जमायला हरकत नाही.

मुहूर्त मिरगाचा. मृग नक्षत्र लागते 7 जूनच्या सुमारास आणि शाळा उघडतात 15 जूनच्या आसपास. मधल्या आठवड्यात पाऊस पडला पाहिजे, तुम्हाला रजा मिळाली पाहिजे आणि कोकण रेल्वेचे तिकीट मिळाले पाहिजे. तिकीट 60 दिवस आधी काढता येते, म्हणजे एप्रिलच्या उन्हात पंख्याखाली बसून कुर्ल्या नेमक्या कोणत्या रात्री बाहेर पडणार ते ठरवावे. आम्ही ठरवले होते. ते 2025 साल होते. त्या साली पाऊस 26 मे रोजीच मुंबईत येऊन थडकला, कोकणात त्याच्याही आधी. कुर्ल्यांनी आमच्या आरक्षणाची वाट पाहिली नाही. आम्ही पोचलो तेव्हा वाडीतले लोक दोन आठवडे कुर्ल्यांचे सांबारे खाऊन कंटाळले होते आणि ‘आता काय उरला नाय’ असे आळीपाळीने सांगत होते. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेलो. चिकाटी हा शिकाऱ्याचा पहिला गुण, हे पोरीला त्यानिमित्ताने शिकवता आले.

अमावस्येच्या कुर्ल्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, असे जाणती माणसे सांगतात. रजा मंजूर करणाऱ्या साहेबाला हे सांगून पाहायला हरकत नाही.

सामानात मात्र हयगय नको. डोक्याला लावायचा दिवा, कोपरापर्यंतचे हातमोजे, लांब चिमटा, पाण्यात न भिजणारे बूट, मुलासाठी वेगळे छोटे बूट, डास मारायचा फवारा आणि हे सगळे ठेवायला पिशवी. माझा खर्च झाला त्यात मालवणच्या बाजारात सहा महिने कुर्ल्या आल्या असत्या. गावात हीच शिकार एक बॅटरी, एक गोणपाट आणि दोन पाय एवढ्यावर होते. पण आपण मुंबईहून येतो, आपल्याला शोभले पाहिजे.

बुटांची तेवढी चेष्टा करू नका. पावसाळ्यात फुरसे बाहेर असते. हातभर लांबीचेही नसते, पाचोळ्याच्या रंगाचे असते आणि चिडले की अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते. नाग, मण्यार, घोणस आणि हे, असे चार मुख्य विषारी साप. प्रतिसर्पविष या चौघांच्या विषावर चालते. मूल घाबरू नये म्हणून आदल्या रात्री त्याला हे सगळे नीट समजावून सांगावे. मी सांगितले. त्या रात्री पोरगी तिच्या आईजवळ झोपली, आणि दिवा लावून. मग लेप्टोचा ताप. पायाला चीर असेल तर शेतातल्या पाण्यात उतरू नका, असे आरोग्य खाते सिंधुदुर्गात दर पावसाळ्यात सांगते. तेही सांगितले. त्यानंतर दोन दिवस तिने आजीच्या अंगणात पाय टाकला नाही.

निघताना शक्यतो कोणाला दिसू नये. आम्ही पायवाटेला लागलो तर शेजारची काकी पडवीत उभी.

‘चेडवाक घेवन खंय चललंस रात्रीचा?’

‘कुर्ल्यो धरूक.’

‘तू?’

एवढेच म्हणाली. बरोबर वाटाड्या म्हणून तिचाच दहा वर्षांचा नातू दिला. तो अनवाणी. खांद्यावर गोणपाट, हातात अर्ध्या जिवाची बॅटरी.

आता मूळ विद्या. बॅटरीचा झोत कुर्लीच्या डोळ्यांवर पडला की ती जागच्या जागी थिजते. मग मागून जायचे, पाठीच्या कवचाला दोन्ही बाजूंनी अंगठ्याने आणि बोटांनी धरायचे, डेंगे म्हणजे नांग्या मागे वळत नाहीत. पाण्यात असली तर आधी पायाने हलके दाबायची. ऐकायला सोपे आहे. मी मुलीला हे चार वाक्यांत समजावले, तिने मान डोलावली आणि विचारले, ‘बाबा, तू लहानपणी किती पकडल्यास?’

या प्रश्नाची तयारी मुंबईतूनच करून यावी. खरे सांगायचे तर लहानपणी मी कंदील धरायचो. कंदील धरणे हेही महत्त्वाचे काम आहे, कोणीतरी ते करावे लागते. पण सात वर्षांच्या श्रोत्याला हा बारकावा कळत नाही. मी ‘मोजल्या नाहीत’ असे सांगितले. शब्दशः पाहिले तर खोटे नाही.

पहिली कुर्ली बांधाच्या फटीत दिसली. पोरीने झोत धरला, कुर्ली थिजली, मी चिमटा पुढे केला. चिमटा तिने धरला. कुर्लीने. मग मी हात पुढे केला, तर तिने हातमोज्याचे बोट धरले. अशा वेळी हात झटकू नये, असे पुस्तकी ज्ञान आहे. मी झटकला, आणि हातमोजा कुर्लीसकट व्हाळात गेला. पाणी वाहते होते. हातमोजा बराच वेळ वर तरंगताना दिसत होता, कोणीतरी निरोप घेत असल्यासारखा. पोरीने त्याला हात केला.

तोपर्यंत काकीच्या नातवाच्या पोत्यात पाच झाल्या होत्या.

मध्येच एक दांडगी मिळाली. फोटोसाठी अशीच लागते. नातवाने ती उलटी केली, पोटावरची झडप बघितली आणि म्हणाला, ‘पिलांची हा. सोड तिका.’ नराची झडप निमुळती असते, मादीची रुंद, आणि त्या रुंद झडपेखाली डाळीच्या दाण्याएवढी पिल्ले आईला चिकटून. गोड्या पाण्यातल्या कुर्लीची पिल्ले अंड्यातून थेट कुर्ल्या होऊनच बाहेर येतात आणि काही दिवस तिच्याच पोटाशी राहतात. पोरगी गुडघ्यावर बसून बघत राहिली. तुम्हाला हे ठाऊक नसेल तर अशा वेळी गंभीर चेहऱ्याने ‘बरोबर’ म्हणावे. मी म्हणालो. नातवाने माझ्याकडे एकदा बघितले आणि तिला पाण्यात सोडले.

हा पोरगा शाळेत कसा आहे, ते माहीत नाही. पण चढणीचे मासे दाखवताना त्याने आम्हाला जे सांगितले ते आमच्या शाळेत कोणी सांगितले नव्हते. पहिल्या पावसात मरळ, शिंगटी व्हाळातून उलट्या चढतात, त्या शेतातल्या साचलेल्या पाण्यात अंडी घालायला. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते ती माशांची वीण व्हावी म्हणून. मग जिभेला चैन पडेनाशी झालेली माणसे तीच वीण व्हाळात जाऊन गाठतात. कोणी पाण्यात विजेची वायर सोडतो, कोणी ब्लिचिंग पावडर ओततो. सकाळी मासे पांढरे पोट वर करून तरंगतात, अंड्यांसकट. मुलांना झटपट निकाल दाखवायचा असेल तर ही पद्धत फार सोयीची. पुढच्या वर्षी पुन्हा यायची गरज राहत नाही.

परतताना पोत्यात बारा होत्या. त्यातल्या माझ्या किती, हा प्रश्न गैरलागू आहे. मराठीत ‘आपण’ हा शब्द पूर्वजांनी असल्याच प्रसंगासाठी करून ठेवला आहे. ‘आपण बारा पकडल्या’ म्हणावे. अंगणात बादलीत ओतून फोटो काढावा, खाली ‘वारसा’ असे लिहून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकावा. आमच्या फोटोला आत्याचे उत्तर दोन मिनिटांत आले: ‘बादली माझी, लग्नात दिलेली.’

झोपण्यापूर्वी पोरीने विचारले, ‘बाबा, झाकण?’

इथे शिकारीबरोबर संस्कारही होऊन जातात. मी तिला ती गोष्ट सांगितली, जी आपण प्रत्येक सत्कार समारंभात आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ऐकलेली असते: मराठी माणसाच्या खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही, कारण एक वर चढला की बाकीचे त्याचा पाय ओढतात. सांगून झाल्यावर दिवा मालवला. बादली मोरीत, उघडी.

आमच्या कुर्ल्या कधी कुठल्या सभेला गेलेल्या नसाव्यात. एकीने दुसरीला पाठ दिली, दुसरीने तिसरीला. सकाळी बादलीत एकच होती, एक डेंगा तुटलेली. बाकीच्या पाटावरवंट्यामागे, पाण्याच्या हंड्याखाली, देव्हाऱ्याच्या फळीखाली. एक माझ्या नव्या बुटात. हे सगळे मला मागाहून कळले. अशा वेळी बापाने झोपून राहावे हे उत्तम. पाच वाजता आईने मोरीत पाय टाकला. सत्तरी उलटलेली बाई. एका हाताने अंबाडा घट्ट करत दुसऱ्या हाताने तिने अकराच्या अकरा धरल्या, काही पायाने दाबून, काही नुसत्या उचलून. पोरगी मागे टोपली घेऊन. लहानपणी मी कंदील धरायचो तो कोणासाठी, हे तिला त्या पहाटे कोणी न सांगता कळले.

मी उठलो तेव्हा खोबरे भाजल्याचा वास घरभर होता. पोरगी पायरीवर बसून बारीक पाय मोडून देत होती; ते वाटून त्यांचा रस गाळून सांबाऱ्यात घालतात, हे मला समजावून सांगत होती. चार वाक्यांत. मी मान डोलावली.

निघायच्या दिवशी आईने नारळ दिले, कोकम दिले, कुळथाचे पीठ दिले. रिक्षा सुरू झाली तशी दारातून म्हणाली, ‘फुडच्या मिरगाक येतंस तेव्हा बालदेक झाकण घेवन ये.’