पारा पंचेचाळीस, प्राइम पंच्याण्णव

ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे कॉम्प्युटरला ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचे, जेवढे म्हणून धडे मी वाचले, त्या बहुतेकांत एक वाक्य हमखास सापडतं : खोलीचं तापमान २१ अंश धरलं आहे. धरलं आहे म्हणजे काय? कोणी धरलं? आमच्याकडे नागपुरात, मानेवाड्याला, मे महिन्यात एवढं थंड काही धरायचं तर माठात कोपरापर्यंत हात घालावा लागतो. प्रोसेसरच्या डोक्यावर कितीही महागडा कूलर बसवा, पंख्याचा असो की पाण्याचा, तो चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. चिप हवेपेक्षा ५० अंशांनी तापत असेल, तर २१ च्या खोलीत ती ७१ वर थांबते आणि आमच्या ३८ च्या खोलीत ८८ वर. तिसरीतली बेरीज आहे. पण हे धडे लिहिणारे बहुधा स्वेटर घालून लिहितात.

माझ्या मनात असलं काही नव्हतं. हिवाळ्याच्या सुट्टीत इंजिनीअरिंगवाला भाचा आला, त्याने टास्क मॅनेजर उघडला आणि म्हणाला, "मामा, तुमची रॅम २१३३ वर चालून राहिली. डब्यावर तर ३६०० लिहून आहे!"

वर्मी लागलं. कॉटन मार्केटात किलोभर वांग्यांत काटा जरा इकडचा तिकडे झाला तरी आम्ही पिशवी परत ठेवणारी माणसं. इथे पैसे ३६०० चे मोजले आणि घरी आले २१३३? भाच्याने समजावलं की यात कोणी फसवलेलं नाही. नवी रॅम बसवली की मदरबोर्ड तिला सगळ्यांना झेपेल अशा ठरावीक वेगाने चालवतो. डब्यावरचा वेग एक्सएमपी नावाच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेला असतो आणि तो बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन आपण चालू करायचा असतो. व्होल्टेज १.२ चं १.३५ होतं, बास. केलं. चाललं. घरी दोन किलो वांगी जास्तीची आल्याचा आनंद झाला.

मग भाच्याची नजर प्रोसेसरवर गेली. माझा रायझेन ५ ५६००एक्स, सहा कोरचा, म्हणजे एकाच चिपमध्ये राबणारी सहा डोकी, २०२० साली बाजारात आलेला. त्यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे. प्रत्येक कोरला ठरल्यापेक्षा थोडं कमी व्होल्टेज द्यायचं, एकेक पायरी ३ ते ५ मिलिव्होल्टची. कमी विजेत कोर कमी तापतो आणि कमी तापला की आपणहून जास्त वेगाने पळतो. खुराक कमी करा, काम वाढेल, हे तत्त्व आमच्या ऑफिसच्या एचआरला कोणी कळवू नये. भाच्याने सहाही कोर उणे ३० वर नेले, म्हणजे अगदी तळाला, आणि सुट्टी संपवून निघून गेला.

सगळं उत्तम चाललं. डिसेंबरच्या नागपुरात काहीही स्टेबल असतं, हिवाळी अधिवेशन सोडून.

पहिला निळा पडदा, म्हणजे मशीन कोसळल्याची विंडोजची पाटी, होळीनंतर आला. बाबा मुदत ठेवींच्या व्याजाचा तक्ता भरत होते. एक्सेलची एक फाइल, बाकी काही नाही. स्क्रीनवर कोलन आणि कंस यांचं ते आडवं रडवं तोंड उमटलं. बाबा म्हणाले, "हे तोंड पाडून काऊन बसलं बे?" मी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची चुकांची नोंदवही, उघडून मोठ्याने वाचू लागलो. डब्ल्यूएचईए-लॉगर, इव्हेंट १८, फेटल हार्डवेअर एरर, कॅश हायरार्की एरर.

"कॅशमध्ये एरर?" बाबा खुर्चीत ताठ झाले.

बँकेत हयात घालवलेल्या माणसासमोर हे वाचायलाच नको होतं असं कोणाला वाटेल. पण ही कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी, तिचा रोकडीशी संबंध नाही, हे समजावूनही ते हटले नाहीत. दिवसअखेर ताळा जुळेना तर एका रुपयासाठी अख्खी शाखा रात्री बसवणारे ते. कपाटातून जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर निघालं, पट्टीने रकाने आखले गेले : तारीख, वेळ, खोलीचं तापमान, कोर, उणे किती, निकाल, सही. भिंतीवर थर्मामीटर लागला. "एका वेळी एकच खातं उघडायचं," बाबांनी बजावलं. ओव्हरक्लॉकिंगच्या उत्तम जाणकारांचाही हाच सल्ला असतो. रॅम आणि प्रोसेसर दोघांवर संशय असेल तर एकाला मूळ सेटिंगवर न्यायचं आणि दुसऱ्याला एकट्याला पिळायचं. बाबांना हे कोणी शिकवलं नव्हतं.

पिळायला प्राइम पंच्याण्णव. हे मुळात मर्सेन मूळसंख्या शोधायचं सॉफ्टवेअर. १९९६ पासून जगभरचे लोक फावल्या वेळात आपापली कॉम्प्युटरं त्या शोधाला लावतात. त्याच उपक्रमातून २०२४ मध्ये चार कोटी दहा लाखांहून जास्त आकड्यांची मूळसंख्या हाती लागली. आमच्या घरात मात्र त्याचा उपयोग खोली तापवायला. उघडल्या उघडल्या ते विचारतं, शोधात सामील होता की नुसतं स्ट्रेस टेस्टिंग? बायको मागून म्हणाली, "अहो, दुसरं दाबा. आपल्या घरी तेच चालतं."

हा प्रोसेसर मुळात ७६ वॉटच्या मर्यादेत राहतो. भाच्याने ती मर्यादा काढून ठेवली होती, तेव्हा १२० च्या आसपास वॉट निघायला लागले. ते सगळेच्या सगळे उष्णता होऊन खोलीत उतरतात. रात्रभर टेस्ट चालली. सकाळी सहाही ओळी हिरव्या, एक चूक नाही. बाबांनी सही केली. मी चहाचा कप ठेवला, नोटपॅड उघडलं आणि मशीन बंद पडलं. निळा पडदाही नाही, सरळ काळोख.

हा यातला खरा छळ. रात्रभर सहा कोरांचं रक्त आटवलं तर हूं की चूं नाही आणि दोन ओळी टाइप करायला घेतल्या की कोसळतो. कारण पुढे कळलं. सगळे कोर एकदम राबतात तेव्हा वेग खाली उतरतो आणि त्या वेगाला लागतं त्यापेक्षा व्होल्टेज जरा सैलच मिळतं. किरकोळ काम असलं की एकच कोर एकटा ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत उडी मारतो, तिथे व्होल्टेजला काडीची सवड नसते, आणि नेमके तेव्हाच आपण कापलेले मिलिव्होल्ट आडवे येतात. त्यातही चिपमधले सगळ्यांत सरस कोर आधीच काठावर चालत असतात. त्यांना कापायला जागा सगळ्यांत कमी.

बाबांना यात काहीच नवल वाटलं नाही. "पगाराच्या दिवशी कॅशिअर चुकत नाही," ते म्हणाले. "चुकते ते रिकाम्या दुपारी."

मग एकेक कोर वेगळा तपासणं आलं. त्यासाठी कोरसायकलर नावाची स्क्रिप्ट आहे, ती प्राइम पंच्याण्णवला एका वेळी एकाच कोरवर बसवते आणि थोड्या वेळाने पुढच्या कोरवर नेते. जिथे गणित चुकतं तिथे लिहून येतं : राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४. बाबांनी चष्मा सारून ते दोनदा वाचलं. एक दशांशासाठी मशीन स्वतःहून तक्रार करतं, हे पाहून त्यांचा कॉम्प्युटरबद्दलचा आदर एकदम वाढला. माझ्याबद्दलचा होता तिथेच राहिला.

इव्हेंट १८ मध्ये खाली एक एपीआयसी आयडी, म्हणजे चूक जिथे झाली त्या थ्रेडचा नंबर, दिलेला असतो. एका कोरचे दोन थ्रेड, म्हणजे कामाच्या दोन रांगा, म्हणून आकडा निम्मा केला की कोर सापडतो. आमचा आयडी ६, म्हणजे कोर ३. बाबांनी रजिस्टरात लिहिलं : ३ नंबर. आम्ही ३ नंबरला उणे ३० वरून उणे १५ वर आणलं. तरी कोसळला. उणे १० केलं. तरी कोसळला. उणे ५. काही फरक नाही. मग एका दुपारी मी त्यांचं रजिस्टर आणि बायोस शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. बायोस कोर मोजतं ० ते ५. बाबांच्या रजिस्टरात कोर होते १ ते ६. बायोसच्या हिशेबाने दोन नंबरचा निरपराध कोर दिवसेंदिवस ऐषारामात होता आणि खरा गुन्हेगार शेजारी बसून उणे ३० वर धुमाकूळ घालत होता.

"शून्यापासून मोजते तरी कोण?" बाबा तापले. त्यांनी सगळी जुनी पानं लाल शाईने दुरुस्त केली, प्रत्येक खाडाखोडीवर छोटी सही केली. मी सांगून पाहिलं की नवीन पान घ्या. म्हणाले, "रेकॉर्ड फाडायचं नसते."

मधल्या काळात मी बर्डीच्या बाजारात जाऊन थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि तिचा कूलर यांच्यामध्ये लावायचा लेप, आणली. दुकानदाराने सगळी कहाणी ऐकली आणि पेस्टची ट्यूब काउंटरवर ठेवत म्हणाला, "भाऊ, चल रहा था ना? तो चलने देना था." मेकॅनिकच्या तोंडून आजवर ऐकलेलं हे सगळ्यांत सखोल निदान, आणि ते फुकट मिळालं. ट्यूबचे पैसे वेगळे.

प्रोसेसर वळणावर येतो न येतो, तोच एप्रिलच्या शेवटी रॅमने डोकं वर काढलं. रॅम तपासणारं मेमटेस्ट पेन ड्राइव्हवरून चालवलं. पहिला तास स्वच्छ, मग लाल ओळी. अपेक्षित काय आणि सापडलं काय, दोन आकडे शेजारी. सोळा अंकांत फक्त एक अंक वेगळा. बाबांच्या दृष्टीने हा गुन्हा सरळ खातेफेराचा.

डिसेंबरात हीच रॅम निर्दोष सुटली होती. पण रॅमचा प्रत्येक बिट हा एक इवलासा कपॅसिटर असतो आणि तो गळका असतो. ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळे परत भरावे लागतात, नाहीतर एकाचं शून्य होतं. उष्णता वाढली की गळती वाढते. त्यात भाच्याने जाता जाता टीआरएफसी नावाचा आकडा छाटून ठेवला होता. परत भरायला किती वेळ द्यायचा, ते ठरवणारा हा आकडा. गळती वाढलेली आणि भरायचा वेळ कापलेला. फोनवर भाचा म्हणाला, "मामा, रॅमवर हवा मारा ना, तुमच्या घरी कूलर आहे."

कूलर आहे. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला, वुडवूलच्या ताट्यांचा, सुरू झाला की टीव्हीचा आवाज पाच घरं वर न्यावा लागतो असा. मी कॅबिनेटचं झाकण काढून त्याच्या झोतात ठेवलं. रॅमचं तापमान झरझर उतरलं. घरातल्या माणसांचं तितकंच चढलं, कारण झोत एकच आणि त्यात आता मी, माझं कॅबिनेट आणि रजिस्टर घेऊन बाबा. आई पन्ह्याचा पेला घेऊन भिंतीशी बसली होती. "त्या डब्याला ऊन लागलं असेल तर एक कांदा ठेव त्याच्याजवळ," एवढंच बोलली. कूलरच्या ओल्या हवेबरोबर बोअरच्या पाण्याचे क्षारही बोर्डावर बसतात, असं मी आपणहून जाहीर केलं आणि कॅबिनेट हलवलं. तोवर बायको कूलरच्या बटणापाशी पोचलीच होती.

खरी परीक्षा नवतप्यात. ही कल्पना बाबांची. "ऑडिट मार्चमध्ये करते, ऑगस्टमध्ये नाही," या न्यायाने मशीनची कसोटी वर्षातल्या सगळ्यांत वाईट दुपारी, तीन वाजता, कूलर बंद ठेवून. बाहेर पारा ४५ च्या वर. रस्त्यावर चिटपाखरू नाही, जो दिसतो तो दुपट्ट्यात गुंडाळलेला. खोलीत थर्मामीटर ४१. बायको आणि आई शेजारच्या काकूंकडे निघून गेल्या. त्यांच्याकडे एसी आहे. प्राइम पंच्याण्णव सुरू झालं. चिप ८४, ८९, ९३. ९५ ला हा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. मी बनियनवर, बाबा बनियनवर, दोघंही आकड्यांकडे टक लावून. तासभर एकही चूक नाही. रॅमची टेस्ट शेजारच्या खिडकीत, तीही स्वच्छ. बाबांनी पेनाचं टोपण काढलं.

लाइन गेली.

पंखा गरगरत थांबला. अख्ख्या लेआउटमधून एकच "अरेऽऽ" ऐकू आला. काळोख्या स्क्रीनसमोर बाबा थोडा वेळ बसून राहिले, मग निकालाच्या रकान्यात शांतपणे लिहिलं : लाइन गेली. सही केली नाही. यूपीएस घ्या, असं मी त्यांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "आधी जे आहे ते जुळव."

ती कसोटी पुढे पार पडली, दुसऱ्या दुपारी. आता सरस दोन कोर उणे ५ वर, बाकीचे उणे १५ वर. वॉटची मर्यादा परत ७६. रॅम ३६०० वरच, वांग्यांचा प्रश्न आहे, पण टीआरएफसी होतं तसं सैल. भाच्याला ३८०० हवे होते. त्यासाठी प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारी इन्फिनिटी फॅब्रिक १८०० वरून १९०० वर न्यावी लागते. तेवढ्यात इव्हेंट १९ ची रांग लागली. दुरुस्त झालेल्या चुका, मशीन पडत नाही. पण दुरुस्त झालेली चूक ही चूकच, असं रजिस्टर म्हणतं. ३८०० रद्द. एवढं करून मोठी फाइल झिप करायला पूर्वीपेक्षा काही सेकंद कमी लागतात. हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

जूनमध्ये ढग आले, हवेत दमटपणा आला आणि कूलरचा गारवा संपला. सुकी हवा असेल तरच त्याचं पाणी उडतं, नाहीतर तो नुसता मोठा पंखा. मशीन मात्र टिकून आहे. जुलैत बाबांना आयकराचं रिटर्न भरायचं होतं. मी कौतुकाने खुर्ची पुढे केली, म्हटलं, बसा, आता पडणार नाही, तुम्हीच तर सह्या केल्यात.

बाबांनी रजिस्टर काढून शेवटचं पान दाखवलं. सहीच्या आधी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : प्रोव्हिजनल.

"पावसाळ्याचं ऑडिट बाकी आहे," ते म्हणाले आणि छत्री घेऊन सीएकडे निघाले.