ताई, ती नुसती कॉपी नव्हती

ताई, नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री मुलाने वाचून दाखवला. शनिवारी देतो म्हणालो आणि काम मंगळवारी दिलं, ही आमची चूक. उशीर होतोय म्हणून फोन करायला हवा होता, तोही राहिला. मनापासून माफी मागतो.

पण "सीडीची नुसती कॉपी मारून दिली आणि 900 रुपये उकळले" हे वाचल्यापासून चैन नाही. तपकीर गल्लीत 22 वर्षं बसतोय, 'उकळले' असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

तुमच्या प्लेयरवर 'डिस्क एरर' देणाऱ्या लग्नाच्या तिन्ही डिस्क व्हीसीडी (साध्या व्हिडिओ सीडी) नव्हत्या, एसव्हीसीडी (सुपर व्हिडिओ सीडी) होत्या. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, एमपेग-1 मधलं (एमपेग म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत). एसव्हीसीडीचं 480 बाय 576, एमपेग-2 मधलं. तुमचा प्लेयर डीव्हीडी घेतो, व्हीसीडी घेतो, एसव्हीसीडी घेतच नाही. नुसती कॉपी मारली असती तर नव्या डिस्कलाही तोच 'डिस्क एरर' आला असता. आणि कॉपीचे मी डिस्कसकट 40 रुपये घेतो, काउंटरमागे बोर्डच लावलाय.

आधी स्वस्तातला उपाय करून पाहिला होता. व्हिडिओ तोच ठेवून डिस्कवर व्हीसीडीचा हेडर (डिस्क कुठल्या प्रकारची ते प्लेयरला सांगणारी नोंद) लिहिला, म्हणजे काही प्लेयर फसतात. तुमच्यासमोरच लावली होती. चालली, पण अंतरपाट धरलेले तुमचे मामा उभट, बारीक दिसत होते आणि "असं नको" तुम्हीच म्हणालात. त्या डिस्कचा एक रुपया लावलेला नाही.

मग डीव्हीडी करायला घेतली. डीव्हीडीत 480 रुंदीचं चित्र बसत नाही, म्हणून तिन्ही डिस्क 720 बाय 576 करून पुन्हा एनकोड केल्या, म्हणजे सगळा व्हिडिओ नव्याने तयार केला, आणि डीव्हीडीला लागतो तसा आवाज 44.1 किलोहर्ट्झचा 48 केला. डिस्कमागे 300 रुपये त्याचे आहेत.

तिसरी डिस्क तुम्ही शुक्रवारी रात्री, शटर ओढताना आणून दिलीत. ट्यूबलाइटसमोर धरली तर कडेला दोन ठिकाणी उजेड आरपार येत होता, म्हणजे तिथला चंदेरी थर गेला होता. डेटाच्या सीडीवर चुका दुरुस्त करायला जादा जागा राखलेली असते. व्हीसीडी-एसव्हीसीडीत ती जागा चित्रालाच दिलेली असते, त्यामुळे खराब झालेला भाग सहज भरून निघत नाही. ती डिस्क तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये, सगळ्यात कमी स्पीडला, पुन्हा पुन्हा वाचली. तुमची पाठवणी त्याच डिस्कवर होती, ताई. चार-पाच सेकंद गेले, बाकी सगळी निघाली. मंगळवारी तुम्ही घाईत होतात, पैसे ठेवून निघालात. दोन मिनिटं थांबला असतात तर लावून दाखवली असती.

यापुढे पावतीवर काय काम केलं ते नीट लिहू, उशीर होणार असेल तर कळवू, मुलाला तसं सांगितलंय. अजून काही असेल तर दुकानात या, प्लेयर घेऊन या.

उशिराबद्दल काय लिहायचं ते लिहा, फक्त 'उकळले' तेवढं जमलं तर काढा. आणि त्या तिसऱ्या डिस्कवरचा कागदी स्टिकर ओढून काढू नका. खालचा चंदेरी थर त्याच्याबरोबर निघून येईल आणि मग कुणालाच काही करता येणार नाही.