पालला जा, पण रान पिंगळ्याच्या मागे लागू नका

फाल्गुन लागला की आमच्या ग्रुपवर एकच विषय असतो, सातपुड्यातल्या पालला, यावल अभयारण्यात, कधी जायचं? आणि लगेच दुसरा, रान पिंगळा, ते छोटं दुर्मिळ घुबड, दिसेल ना? मंडळी, यंदा स्पष्टच बोलतो. यावल अभयारण्यात या दिवसांत जरूर जा, पण त्या एका पक्ष्यासाठी जाऊ नका. आणि मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर अजिबात नको.

त्याचं मोल मलाही आहे. १८८४ नंतर त्याची खात्रीलायक नोंद नव्हती, तो संपला असंच धरून चालले होते. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, तो पुन्हा सापडला तो आपल्या खान्देशात, शहाद्याजवळ. याचा मला आजही अभिमान वाटतो. म्हणूनच सांगतो, मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या ढोलीत पिल्लं असू शकतात. स्पीकरवरचा आवाज ऐकून नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. तो शिकार सोडून भांडायला येतो. आपल्याला फोटो मिळतो, पिल्लांचा घास चुकतो. हा पिंगळा दिवसाही शिकार करतो, नशिबात असेल तर न बोलावता दिसेल.

त्यापेक्षा फुललेला एक पळस गाठा. अंधारातच सावदा-रावेर सोडा, केळीच्या बागा मागे टाका आणि ऊन चढायच्या आत झाडापासून थोडं लांब, गप्प बसून घ्या. अर्ध्या तासात झाड तुम्हाला विसरतं. मग बघा, शिंजीर हा चिमुकला पक्षी फुलाच्या देठाशी बसतो, वाकडी चोच आत घालतो, आणि नावेसारखी मिटलेली पाकळी दाबली जाऊन आतले पुंकेसर बाहेर येतात. परागकण त्याच्या अंगाला लागतात, तो पुढच्या फुलावर. बुलबुल येतात, कोतवाल येतात, खारसुद्धा रसाला सोडत नाही. आणि भोरड्या! हिवाळाभर दादर ज्वारीच्या कणसांवर तुटून पडणारे हे थवे इथे पळसावर कलकलाट करतात. एप्रिलमध्ये ते मध्य आशियाच्या वाटेला लागतात, म्हणून मला मार्चच बरा वाटतो. कुठून तरी तांबट पक्ष्याची टुकटुक चालूच असते.

दहाच्या पुढे मात्र थांबू नका. आपलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, पक्षीही सावली धरतात. सुकी नदीत कुठे डबकं उरलं असेल तर त्याच्या काठावर ठाण मांडू नका, तहानलेलं जनावर माणूस बघून परत फिरतं.

होळीचा आठवडा मी टाळेन. भोंगऱ्या बाजाराला, म्हणजे आदिवासींच्या होळीच्या बाजाराला, अख्खा सातपुडा खाली उतरतो, तो बघायला वेगळं जावं, येता-जाता उरकण्यासारखा नाही. बिडी-सिगारेट, चूल काही नको, वाळलेल्या पानांवर एक ठिणगी पुरते.

आणि पिंगळ्याची ढोली सापडलीच, तर फोटोसोबत जागा टाकू नका. वनरक्षकाला सांगा आणि तिथून बाजूला व्हा.