दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश जनरल ब्रायन हॉरॉक्स, त्याच्यावरच्या माझ्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेबद्दल

तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की आर्नहेमला (सप्टेंबर १९४४, नेदरलँड्समध्ये अडकलेल्या ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांपर्यंत) वेळेत न पोचलेल्या जनरलला १९४९ साली ब्लॅक रॉड, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाचा मानाचा अधिकारी, करून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आरामाची खुर्ची दिली, आणि त्या दार ठोठावायच्या नोकरीचं मी उगाच कौतुक केलं. नाही पटलं मला, का ते सांगते.

आर्नहेमचं खापर एकट्या हॉरॉक्सच्या माथी नाही मारता येत, त्याची अख्खी कोअर, म्हणजे अनेक डिव्हिजनांची फौज, एकाच रस्त्याने न्यायची होती आणि दोन्ही बाजूंना सखल ओली जमीन, रणगाडे खाली उतरवायची सोय नाही. त्याची खरी चूक त्याच्या आधीची. ४ सप्टेंबर १९४४ ला बेल्जियमचं मोठं बंदर अँटवर्प हातात आलं, गोदी शाबूत, आणि हा तिथेच थांबला, अल्बर्ट कालवा ओलांडलाच नाही. जर्मनांची पंधरावी आर्मी निसटली आणि बंदर वापरात यायला नोव्हेंबर संपत आला. आणि ही चूक त्याने स्वतः आत्मचरित्रात कबूल केलीय.

आता आराम. १९४३ मध्ये ट्युनिशियात बिझर्टाला जर्मन विमानातून गोळ्या लागल्या, छातीत, पोटात. वर्षभर हॉस्पिटल, एकामागून एक ऑपरेशनं, तरी १९४४ च्या ऑगस्टमध्ये परत आघाडीवर. शेवटी तब्येतीमुळेच आर्मी सोडावी लागली.

आणि ते दार! अधिवेशनाच्या उद्घाटनाला ब्लॅक रॉड काळी काठी घेऊन कॉमन्सकडे, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहाकडे, चालत येतो आणि जवळ आला की आतले लोक दार धाडकन त्याच्या तोंडावर लावतात. १६४२ साली राजा पहिला चार्ल्स पाच सभासदांना पकडायला शिपाई घेऊन आला आणि सभागृहात घुसला होता, ते सभागृह अजून विसरलेलं नाही. मग काठीने तीनदा ठोठवायचं, आतून उघडेपर्यंत उभं राहायचं. फेब्रुवारी १९४५ मध्ये ज्याच्या हाताखाली दोन लाख माणसं होती तो माणूस १९६३ पर्यंत हे करत राहिला, निवडून आलेल्यांनी दार उघडायची वाट बघत. मला हे फार मोठं वाटतं, आणि म्हणूनच लेख लिहिला.

एक मात्र माझी चूक, अँटवर्पबद्दल मी लेखात एक ओळही लिहिली नव्हती. ती यायलाच हवी होती, आज रात्री घालते.