टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत

पावसाळा लागला की बेळगावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: धरणाचं पाणी नुसती ब्लीचिंग पावडर मारून सोडतात, म्हणून ते पांढरं येतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) पन्नासच्या वर गेला तर विष समजा, आरओ (दाबानं बारीक पडद्यातून पाणी गाळणारं यंत्र) बसवा.

"नुसती पावडर मारून" हे लिहिणाऱ्यानं लक्ष्मी टेकडीच्या जलशुद्धीकरण केंद्राची पायरी चढलेली दिसत नाही. जुलैत नदीचं पाणी चहासारखं होतं. त्यातले मातीचे बारीक कण एकमेकांना दूर ढकलतात, त्यामुळे पाणी नुसतं ठेवून गाळ बसत नाही. तुरटी पडली की ते एकमेकांना चिकटतात आणि जड होऊन खाली बसतात. तुरटी किती, हेही अंदाजपंचे नसतं. प्रयोगशाळेत ओळीनं चंचुपात्रं मांडतात, प्रत्येकात थोडी थोडी वाढती तुरटी घालून ढवळतात आणि कुठलं आधी निवळतं ते पाहून त्या दिवसाची मात्रा ठरवतात. पुढे वाळूचे फिल्टर. ते तुंबले की खालून हवा आणि पाणी उलटं सोडून धुतात. तेव्हा वर उसळणारा तपकिरी राडा एकदा बघाच. जंतू मारणाऱ्या क्लोरीनची पाळी या सगळ्यानंतर.

पांढऱ्या पाण्याचा निकाल घरीच लागतो. काचेच्या ग्लासात पाणी घ्या. तळाकडून वर निवळत आलं तर ती नळातल्या दाबानं विरघळलेली हवा. उलट तळाशी गाळ बसला, तर मात्र तक्रार करा.

आता टीडीएस. भारतीय मानक आयएस १०५०० ची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे; पन्नासचा आकडा आला कुठून कोण जाणे! मीटर मोजतो विरघळलेले क्षार. जंतूंची त्याला गंधवार्ता नसते. खाऱ्या बोअरवेलला आरओ ठीक. पण बेळगावला येणारं राकसकोप धरणाचं पाणी मुळात सह्याद्रीच्या पावसाचं. त्याला आरओ लावायचा, म्हणजे निम्मंअधिक पाणी मोरीत घालवायचं आणि वर क्लोरीनही काढून टाकायचं.

खरी भीती मेसेजात नाहीच. ती केंद्र आणि आपला नळ यांच्यामधल्या पाइपात आहे. जिथं पाणी काही दिवसांआड येतं, तिथं मधल्या काळात पाइप रिकामा असतो, आणि गळक्या सांध्यातून शेजारच्या गटारीचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून तर नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असं मानक सांगतं. ज्या वासाला लोक नाक मुरडतात, तो याच राखणदाराचा.

तेव्हा पाणी आल्यावर सुरुवातीचं गढूळ पाणी झाडांना घाला, गच्चीवरची टाकी धुवा. मीटरऐवजी क्लोरीन तपासायचा संच आणा: पाण्यात थेंब टाकले की रंग पिवळा व्हायला हवा. नाही झाला, तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा आणि तोवर पाणी उकळून प्या.