‘गोरे नसलेले नट घेतले की सिनेमा आपटतो’ म्हणे!

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: हॉलिवूडच्या मोठ्या साहसपटांत बायका आणि गोरे नसलेले नट घुसडले म्हणून ते आपटतायत, पूर्वी निव्वळ गुणवत्तेवर निवड व्हायची, आता ऑस्करच्या नियमांपुढे निर्मात्यांचा नाइलाज आहे.

आधी आपटण्याचा हिशोब. गल्ल्यातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाले ठेवतात. चीनमध्ये तर स्टुडिओच्या हाती जेमतेम पाव वाटा येतो. शिवाय जाहिरातीचा खर्च निर्मितीच्या बजेटमध्ये धरलेला नसतो. त्यामुळे बजेटच्या दोन-अडीच पट गल्ला झाला, तरच सिनेमा तरला असं धंद्यात मानतात. आता या मापाने काळा नायक असलेला ‘ब्लॅक पँथर’ (2018) बघा. बजेट सुमारे 20 कोटी डॉलर, जगभरचा गल्ला सुमारे 135 कोटी. ‘चिनी प्रेक्षक काळा नायक बघत नाहीत’ हे याच मेसेजचं पिल्लू. तिथेही त्याने 10 कोटींच्या वर धंदा केला.

मेसेजवाल्यांचं लाडकं उदाहरण म्हणजे बाई सुपरहिरो असलेला ‘द मार्व्हल्स’ (2023). तो सपशेल पडला हे खरंच आहे. बजेट 20 कोटींच्या वर आणि गल्ला जेमतेम तेवढाच. पण त्याच नायिकेच्या ‘कॅप्टन मार्व्हल’ने 2019 मध्ये 113 कोटी जमवले होते. तेव्हाही ती बाईच होती! फरक पडला तो इतरत्र. गोष्टीचे धागे जुळायला आधी ओटीटीवरच्या मालिका बघून ठेवाव्या लागत होत्या. त्यात नटांचा संप मिटला 9 नोव्हेंबरला आणि सिनेमा लागला 10 नोव्हेंबरला, म्हणजे प्रमोशनला कलाकारच नाहीत.

उलट, 20 कोटींहून जास्त खर्चून केलेला ‘द लोन रेंजर’ (2013) 26 कोटींवर अडकला. त्यात टोंटो या अमेरिकी मूळनिवासी पात्राच्या भूमिकेत होता गोरा जॉनी डेप. तेव्हा ‘गोऱ्या नटांमुळे पडला’ असा मेसेज कुणाला आला होता का?

‘पूर्वीच्या’ गुणवत्तेचा नमुना हवा तर ‘गॉड्स ऑफ इजिप्त’ (2016) बघा. इजिप्तचे प्रमुख देव कोण, तर एक डॅनिश आणि एक स्कॉटिश नट. टीका एवढी झाली की सिनेमा लागण्याआधीच, नोव्हेंबर 2015 मध्ये, दिग्दर्शक आणि स्टुडिओने माफी मागितली. 14 कोटी बजेट, गल्ला 15 कोटींच्या आसपास. वरच्या हिशोबाने बुडीत खातं. याच सिनेमात थॉथ देवाच्या दुय्यम भूमिकेत चॅडविक बोसमन होता. दोन वर्षांनी ‘ब्लॅक पँथर’ खांद्यावर पेलला तो यानेच.

राहिली ऑस्करची सक्ती. बायका, गोरे नसलेले अशा मागे राहिलेल्या गटांना सिनेमात वाटा देण्याचे हे नियम फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्काराला लागू आहेत आणि तेही 2024 च्या सोहळ्यापासून. एकूण चार निकष, त्यांतले कुठलेही दोन पुरेत: पडद्यावरचे कलाकार, पडद्यामागची टीम, प्रशिक्षणाच्या संधी, मार्केटिंग-वितरणातली माणसं. म्हणजे पडद्यावर सगळे गोरे ठेवूनही बाकीच्या निकषांवर पात्र ठरता येतं. पहिल्याच वर्षी तो पुरस्कार ‘ओपनहायमर’ने नेला, आणि त्याचे जवळजवळ सगळे प्रमुख कलाकार गोरेच आहेत.